निधी, भीती आणि संशोधनाचा विषय : पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या इतिहासाचा एक अभ्यास

सारांश

संसर्गजन्य रोगांवरील संशोधनाला पैसा कोण पुरवितो आणि कोणत्या भीतीपोटी पुरवितो, यावर संशोधनाचे विषय कितपत ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी १९५२ मध्ये पुण्यात रॉकफेलर फाउंडेशन व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त विद्यमाने स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचा इतिहास आधारभूत मानला आहे. १९५७ मधील क्यासनूर अरण्यज्वराचा शोध, त्यातून निघालेला पक्षी-स्थलांतराचा अभ्यास, १९७५ मधील लोकलेखा समितीचा अहवाल आणि या रोगावरील लशीचा रेंगाळलेला प्रवास या चार घटनांची संगती लावण्याचा हा प्रयत्न आहे. विषाणूचा शोध लावण्यासाठी परकीय निधी उपलब्ध झाला. त्या शोधाचे उपायात रूपांतर करणारा दीर्घ मुदतीचा निधी मात्र परकीय व देशी अशा दोन्ही व्यवस्थांत अपुरा पडला, असे या इतिहासावरून दिसून येते.

बीजसंज्ञा : विषाणू संशोधन, रॉकफेलर फाउंडेशन, क्यासनूर अरण्यज्वर, माकडताप, लोकलेखा समिती, संशोधन निधी

१. प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा शोधांच्या आणि शोधकांच्या अंगाने होते. अमुक वर्षी अमुक जंतू सापडला, अमुक लस तयार झाली, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. प्रयोगशाळेची इमारत, उंदीर व माकडे पाळण्याची सोय, कीटकशास्त्रज्ञांचा पगार, जंगलात जाणाऱ्या जीपचे पेट्रोल या सर्वांना पैसा लागतो आणि तो पैसा मंजूर करणाऱ्याला स्वतःचा काही हेतू असतो. तो हेतू परोपकाराचा असेल, व्यापाराचा असेल किंवा लष्करी असेल. कोणत्या रोगाचा अभ्यास व्हावा आणि कोणत्या टप्प्यावर तो थांबावा, या निर्णयांत त्या हेतूचा वाटा असतो. म्हणून निधीचा इतिहास हा संशोधनाच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे.

२०२० च्या कोविड महासाथीनंतर जागतिक संशोधन निधीची चर्चा सर्वत्र झाली. ती चर्चा प्रामुख्याने जिनिव्हा, वॉशिंग्टन व लंडन येथील निर्णयांभोवती फिरत राहिली. परंतु अशा निर्णयांचे परिणाम ज्या ठिकाणी उमटतात, तेथून त्यांच्याकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र हे असे एक ठिकाण होय. आज ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने परिचित आहे.

२. पूर्वपीठिका : प्लेगपासून पीतज्वरापर्यंत

भारतातील संसर्गजन्य रोगांच्या संघटित संशोधनाचा आरंभ संकटातून झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९७ मध्येच व्हेनिस येथे प्लेगच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईहून निघणारा माल व हजचे यात्रेकरू यांच्यामार्फत प्लेग युरोपात पोहोचेल, ही तेथील चिंता होती. व्यापार रोखला जाण्याच्या या भीतीने सरकारी तिजोरी सैल झाली. १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तत्पूर्वी हाफकिन यांच्या कामाला आगाखान यांनी खुश्रू लॉज ही आपली वास्तू उपलब्ध करून दिली होती, याचीही येथे नोंद केली पाहिजे.

१९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. संशोधनासाठी स्वतंत्र व सातत्यपूर्ण निधी असावा, ही कल्पना तिच्या मुळाशी होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये या संस्थेचे रूपांतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत झाले.

त्याच काळात जगाच्या दुसऱ्या भागात संशोधन निधीचा आणखी एक प्रवाह वाहू लागला होता. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या रॉकफेलर फाउंडेशनने पीतज्वराच्या निर्मूलनावर मोठा खर्च केला. न्यूयॉर्क येथील तिच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये पीतज्वराची परिणामकारक लस सिद्ध केली आणि त्यासाठी १९५१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या कामासाठी आफ्रिकेत उभारलेल्या प्रयोगशाळांत पीतज्वराचा शोध घेताना इतर अनेक अपरिचित विषाणू हाती लागले. युगांडातील वेस्ट नाईल (१९३७) व झिका (१९४७) ही त्यांतील परिचित नावे होत. एका रोगासाठी मंजूर झालेल्या पैशातून विषाणूंचे एक संपूर्ण कुल उजेडात आले.

पीतज्वर आशियात कधीच पसरला नव्हता. परंतु त्याचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास भारतात सर्वत्र होता आणि रोगाशी कधीच संबंध न आल्यामुळे येथील लोकसंख्येत प्रतिकारशक्ती नव्हती. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला त्या सुमारास, आणि पुढे विमानवाहतूक सुरू झाल्यावर, हा रोग भारतात येईल ही भीती सरकारी कागदपत्रांत वारंवार व्यक्त झाली. पुण्याच्या केंद्राची पार्श्वभूमी समजून घेताना ही भीती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. पुण्यातील केंद्राची स्थापना

१९५१ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने आपला आंतरराष्ट्रीय आरोग्य विभाग बंद केला. जागतिक आरोग्य संघटना १९४८ मध्ये अस्तित्वात आली होती आणि रोगनिर्मूलनाच्या मोहिमा तिने चालवाव्यात, असा विचार त्यामागे होता. मात्र डास, गोचिडी इत्यादी संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास फाउंडेशनने स्वतःकडे ठेवला. न्यूयॉर्क येथे मध्यवर्ती प्रयोगशाळा आणि उष्ण कटिबंधात क्षेत्रीय प्रयोगशाळा अशी या कार्यक्रमाची रचना होती. त्रिनिदाद, ब्राझीलमधील बेलेम, जोहान्सबर्ग आणि पुणे ही या साखळीतील प्रमुख ठिकाणे होत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या दृष्टीने ही व्यवस्था लाभाची होती. विषाणूशास्त्र ही त्या वेळी महागडी व नवी विद्याशाखा होती, प्रशिक्षित मनुष्यबळ जवळजवळ नव्हते आणि परकीय चलनाची टंचाई होती. फाउंडेशनचे अनुभवी शास्त्रज्ञ पुण्यात आले आणि त्यांच्याबरोबर काम करताना भारतीय विषाणूशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांची एक पिढी घडली. पुढे केंद्राची धुरा सांभाळणारे टी. रामचंद्र राव किंवा खोर्शेद पावरी यांची कारकीर्द या परंपरेत मोडते.

प्रारंभीच्या कामांपैकी एक म्हणजे भारतीयांच्या रक्तजलाची पाहणी. के. सी. स्मिथबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ही पाहणी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणकोणत्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे येथील लोकांच्या रक्तात आढळतात, हे तीत तपासले होते. आफ्रिकेत सापडलेल्या विषाणूंची यादी हाती घेऊन भारतीय रक्ताची तपासणी करण्याची ही पद्धत होती. तिच्यातून मोलाची माहिती मिळाली, हे निर्विवाद आहे. परंतु अभ्यासाचा प्रश्न न्यूयॉर्कच्या कार्यक्रमातून आला होता आणि पुण्याने त्याचे उत्तर पुरवायचे होते, ही बाबही तितकीच स्पष्ट आहे.

४. क्यासनूरचे अरण्य, १९५७

मार्च १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर अरण्याच्या परिसरात वानरे व माकडे मरून पडत असल्याचे वृत्त पुण्यास पोहोचले. आसपासच्या गावांतील माणसांनाही तीव्र ताप येत होता. माकडांचे मृत्यू आणि माणसांतील ताप ही जोडी दक्षिण अमेरिकेतील अरण्य-पीतज्वराची खूण म्हणून शास्त्रज्ञांच्या परिचयाची होती. जी भीती चाळीस वर्षे कागदावर होती, ती खरी ठरते की काय, अशी शंका निर्माण झाली. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क व त्यांचे सहकारी तातडीने तेथे गेले.

रोग पीतज्वर नव्हता. काही आठवड्यांतच माकडांच्या व रुग्णांच्या नमुन्यांतून एक नवा विषाणू वेगळा करण्यात आला. तो डासांमार्फत नव्हे, तर गोचिडींमार्फत पसरत होता. त्याचे जवळचे नाते सायबेरियात आढळणाऱ्या ‘रशियन वसंत-ग्रीष्म मस्तिष्कदाह’ या रोगाच्या विषाणूशी होते. त्याच वर्षी वर्क व हॅरल्ड ट्रॅपिडो यांनी ‘क्यासनूर अरण्यज्वर’ हे नाव देऊन तो शास्त्रीय जगापुढे मांडला. कोकणात व गोव्यात हाच रोग आज ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो.

या शोधाचे श्रेय निधीच्या पद्धतीलाही दिले पाहिजे. उद्रेक झाल्यावर प्रयोगशाळा उभारायची असती तर तो हंगाम निघून गेला असता. प्रयोगशाळा आधीपासून कार्यरत होती. अरण्य-पीतज्वराचा अनुभव पनामात घेतलेले ट्रॅपिडो तिच्यात काम करीत होते, आणि पुढे कोलंबियात तसाच अनुभव घेतलेले होर्हे बोशेलही या अभ्यासात सहभागी झाले. निश्चित उद्रेक समोर नसतानाही अनेक वर्षे सातत्याने केलेल्या खर्चाचे हे फळ होते. संकट आल्यानंतर मंजूर होणारा निधी आणि संकटापूर्वीचा अखंड निधी यांतील फरक १८९६ व १९५७ या दोन प्रसंगांच्या तुलनेतून स्पष्ट होतो.

या कामाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. हा विषाणू प्रयोगशाळेत हाताळताना केंद्रातील अनेकांना त्याची लागण झाली. आजच्या निकषांप्रमाणे आवश्यक असलेली सुरक्षाव्यवस्था त्या काळी कोठेच नव्हती. उंदरांची देखभाल करणारे, काचसामान धुणारे, गोचिडी वेचणारे कर्मचारी यांची नावे शोधनिबंधांवर क्वचितच आढळतात.

५. सायबेरियाचे पक्षी आणि शीतयुद्धाचा पैसा

क्यासनूरचा विषाणू सायबेरियातील विषाणूच्या कुलातील असल्याने एक प्रश्न उपस्थित झाला. हा विषाणू भारतात आला कोठून? हिवाळ्यात सायबेरियाकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींमार्फत तो आला असावा, अशी एक उपपत्ती मांडली गेली. प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या रास्त होता. परंतु त्याला पैसा मिळण्यामागे काळाचाही हात होता.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकाच्या अखेरीस पक्ष्यांच्या पायांत वाळे अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्याचा प्रकल्प हाती घेतला. आरंभी त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या निधीवर चालणाऱ्या आणि बँकॉक येथे कार्यालय असलेल्या स्थलांतरित प्राण्यांच्या रोगविषयक सर्वेक्षणाकडून पैसा येऊ लागला. भारतीय पक्षिशास्त्राला या प्रकल्पाचा फार मोठा लाभ झाला. हजारो पक्ष्यांच्या नोंदी झाल्या आणि तरुण अभ्यासक तयार झाले. मात्र पक्ष्यांबरोबर विषाणू कोणत्या मार्गाने प्रवास करतात, हे लष्कराला कशासाठी जाणून घ्यायचे आहे, हा प्रश्न पुढे विचारला जाणे अटळ होते.

लशीच्या बाबतीतही हाच प्रकार दिसतो. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत तयार झालेली रशियन मस्तिष्कदाहावरील लस दोन विषाणूंच्या नात्यामुळे शिमोगा जिल्ह्यात वापरून पाहण्यात आली. तिचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या रोगासाठी, दुसऱ्या लोकांसाठी बनविलेली वस्तू हाताशी होती म्हणून ती वापरली गेली. क्यासनूरच्या विषाणूपासूनच लस बनविण्याचे काम त्यानंतर पुण्यातील शास्त्रज्ञांना मुळापासून करावे लागले.

६. १९७५ : लोकलेखा समितीचे प्रश्न

परकीय निधीविषयीची शंका १९७० च्या दशकात संसदेत पोहोचली. तिचे निमित्त पुण्याचे केंद्र नव्हते, तर दिल्लीतील डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा प्रकल्प होता. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त प्रकल्प १९६९ च्या कराराने सुरू झाला. वंध्य केलेले नर डास मोठ्या संख्येने सोडून डासांची पैदास घटविता येते का, हे त्यात तपासले जात होते.

प्रकल्पाचा पैसा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेकडून, पी. एल. ४८० च्या रुपयांतून येत होता. अमेरिकेकडून घेतलेल्या धान्याची किंमत भारत रुपयांत देत असे आणि ती रक्कम अमेरिकी सरकारच्या नावे भारतातच साचत असे. अमेरिकी संस्थांच्या संमतीने तिचा काही भाग संशोधनावर खर्च होत असे. म्हणजे भारतीय नागरिकांनी विकत घेतलेल्या गव्हाचाच तो पैसा होता. त्याचा विनियोग ठरविण्याचा अधिकार मात्र अन्यत्र होता. १९७४ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार अमेरिकेने या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपये भारताला परत केले, यावरून साठलेल्या रकमेची कल्पना येते.

१९७४ मध्ये वृत्तपत्रांतून या प्रकल्पावर टीका सुरू झाली. भारतासमोर हिवतापाचा प्रश्न असताना प्रकल्पाचा भर फायलेरियाच्या क्युलेक्स डासावर आणि पीतज्वराचा वाहक असलेल्या एडिस इजिप्तीवर का, हा टीकेचा गाभा होता. रसायनाने वंध्य केलेल्या डासांमुळे विहिरींचे पाणी दूषित होईल, अशीही शंका घेतली गेली. ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने एप्रिल १९७५ मध्ये आपला १६७ वा अहवाल सादर केला. परकीय सहभागाच्या संशोधन प्रकल्पांची चिकित्सा करणाऱ्या या अहवालात डासांच्या प्रकल्पाबरोबरच पक्षी-स्थलांतराच्या प्रकल्पाचाही समावेश होता. जैविक युद्धाच्या दृष्टीने या माहितीचा उपयोग होऊ शकतो, असा समितीचा रोख होता. सोनीपत येथील नियोजित प्रयोग रद्द झाला आणि त्याच वर्षी प्रकल्प गुंडाळण्यात आला.

या घटनेचे मूल्यमापन दोन टोकांनी होत आले आहे. काहींच्या मते राजकीय संशयापायी एक उत्तम शास्त्रीय प्रयोग बळी पडला, तर काहींच्या मते राष्ट्रीय सुरक्षिततेवरील संकट टळले. प्रस्तुत लेखकाला दोन्ही निष्कर्ष अपुरे वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने व प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी आरोप फेटाळले आणि युद्धाच्या हेतूचा पुरावा समोर आला नाही. तथापि समितीने विचारलेला मूळ प्रश्न, म्हणजे संशोधनाचा अग्रक्रम कोणी ठरवावा, हा निराधार नव्हता. १९६० च्या दशकाच्या आरंभी देशातील हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आत आले होते. १९७६ मध्ये त्यांची संख्या ६४ लाखांवर गेली. ज्या वर्षांत हिवताप पुन्हा उसळत होता, त्याच वर्षांत संशोधनाचे विषय निवडण्याची सूत्रे अंशतः बाहेर होती, ही वस्तुस्थिती आहे. समितीच्या अहवालातील संशयाचा सूर बाजूला ठेवला तरी हा प्रश्न उरतो.

त्याच वर्षी घडलेल्या आणखी दोन गोष्टी उल्लेखनीय आहेत. परिषदेने पाँडिचेरी येथे रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी स्वतःचे संशोधन केंद्र स्थापन केले. परकीय निधीच्या अटींविषयीच्या तक्रारीला हे विधायक उत्तर होते. दुसरीकडे, उष्ण कटिबंधीय रोगांवरील संशोधनाचा विशेष कार्यक्रम जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आकारास आला. हिवताप, फायलेरिया, कुष्ठरोग यांसह सहा रोग त्यासाठी निवडण्यात आले. क्यासनूर अरण्यज्वर त्या यादीत नव्हता. एका अरण्यपट्ट्यापुरत्या रोगाला जागतिक यादीत स्थान मिळणे अवघडच होते.

७. फाउंडेशननंतरचे केंद्र

१९६७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने पुण्याच्या केंद्राचे साहाय्य थांबविले आणि संपूर्ण आर्थिक जबाबदारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वीकारली. १९७८ मध्ये केंद्राला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा व नाव मिळाले. दाता निघून गेल्यावर संस्था कोसळते, हा विकसनशील देशांतील नेहमीचा अनुभव. पुण्यात तसे घडले नाही, कारण पगार, प्राणिगृह, वीज, उपकरणांची देखभाल असा आवर्ती खर्च सरकारी अंदाजपत्रकात आला. उद्घाटनाचा मान नसलेला हा खर्च होय. संस्थेचे सातत्य त्याच्यावरच अवलंबून असते.

या सातत्याचे एक उदाहरण नागपूरच्या परिसरातील आहे. १९६५ मध्ये चंडीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला. त्या वेळी त्याला फारसे महत्त्व प्राप्त झाले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मस्तिष्कदाहाने ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली, तेव्हा तपासणीत हाच चंडीपुरा विषाणू आढळला. अडतीस वर्षांपूर्वीचा नमुना व त्याचे ज्ञान संस्थेने जतन केले नसते, तर ही ओळख इतक्या लवकर पटली नसती. परंतु ओळख पटल्यानंतर पुढे काय झाले? २०२४ मध्ये गुजरातेत या विषाणूचा पुन्हा उद्रेक झाला, तेव्हाही त्यावर लस किंवा खास औषध उपलब्ध नव्हते.

८. लशीचा प्रवास

माकडतापाच्या लशीची कहाणी याच धर्तीची आहे. विषाणू १९५७ मध्ये काही आठवड्यांत सापडला. निष्प्रभ केलेल्या विषाणूपासून लस बनविण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात पुण्यात झाले. मोठ्या प्रमाणावरील क्षेत्रीय चाचणीला मात्र १९९० साल उजाडले. १९९० ते १९९२ या काळात कर्नाटकात झालेल्या त्या चाचणीत दोन मात्रांनंतर सुमारे ९३ टक्के संरक्षण मिळाल्याचे नोंदविले गेले. २००५ ते २०१० या काळातील अनुभवाच्या अभ्यासात हे प्रमाण दोन मात्रांनंतर सुमारे ६२ टक्क्यांवर आणि आणखी एका मात्रेनंतर ८३ टक्क्यांवर असल्याचे दिसले. २०२२ मध्ये परिणामकारकतेच्या प्रश्नामुळे या लशीचा वापर थांबला आणि नव्या लशीसाठी प्रयत्न सुरू झाले.

दरम्यान रोगाने आपली मूळ सीमा ओलांडली होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या लागवडीसाठी जंगलतोड झालेल्या भागात तो उद्भवला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. काजूच्या बागेत काम करणारे, सरपणासाठी व पाल्यासाठी रानात जाणारे, गुरे राखणारे हे त्याचे रुग्ण. लागण झालेल्यांपैकी शेकडा तीन ते पाच दगावतात. रुग्णांची एकूण संख्या लहान, ती ठरावीक जिल्ह्यांत एकवटलेली आणि रुग्णांची क्रयशक्ती कमी. त्यामुळे औषध कंपनीला येथे बाजारपेठ दिसत नाही, जागतिक निधीला महासाथीचा धोका दिसत नाही, आणि राज्य शासनाच्या दृष्टीने हा एका तालुक्याचा प्रश्न ठरतो.

याच्या शेजारी कोविडच्या लशीचे उदाहरण ठेवले असता अंतर डोळ्यांत भरते. २०२० मध्ये पुण्याच्या याच संस्थेने विषाणू वेगळा केला आणि त्यापासून बनविलेल्या कोव्हॅक्सिन लशीला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापराची अनुमती मिळाली. दोन्ही विषाणूंचे शास्त्र व त्यांतील अडचणी भिन्न आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही वर्षभरात जे काम एका रोगाबाबत होऊ शकले, त्यासाठी दुसऱ्याला तीन दशके लागावीत, याचे स्पष्टीकरण केवळ शास्त्रातून मिळत नाही.

९. वर्तमान धोरणाच्या संदर्भात

या इतिहासाचा आजच्या जागतिक धोरणाशी संबंध तीन बाबींत दिसतो. पहिली बाब नमुन्यांच्या मालकीची. पुण्याहून विषाणूंचे नमुने न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत जात, तेव्हा त्याविषयी फारसा वाद नव्हता. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देण्यास नकार दिला. आमच्या रुग्णांच्या नमुन्यांपासून बनणारी लस आम्हालाच परवडत नाही, हा त्या देशाचा आक्षेप होता. त्यातून २०११ ची इन्फ्लुएंझाविषयक चौकट तयार झाली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार संमत केला, तेव्हाही नमुने व लाभ यांच्या वाटणीचा भाग पुढील वाटाघाटींसाठी बाजूला ठेवावा लागला.

दुसरी बाब दात्यांच्या लहरीची. जागतिक आरोग्य संघटनेचा बहुतांश पैसा सदस्य देशांच्या निश्चित वर्गणीतून येण्याऐवजी ऐच्छिक देणग्यांतून येऊ लागला आणि त्या देणग्या विशिष्ट कामांसाठीच असतात. निश्चित वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढविण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला, तेव्हा एका दात्यावर अवलंबून राहण्याचा धोका पुन्हा स्पष्ट झाला. पुण्याला हा अनुभव १९६७ मध्येच आला होता.

तिसरी बाब यादीची. २०१७ मध्ये सुरू झालेल्या, महासाथींसाठी लशी विकसित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आघाडीच्या संस्थापकांत भारत होता. तिने आरंभी निवडलेल्या रोगांत निपाहसारखे रोग होते, माकडताप नव्हता. यात तिचा दोष मानण्याचे कारण नाही. जगाला धोका असलेल्या रोगांसाठी जगाने पैसा द्यावा, हे रास्तच आहे. परंतु जगाला ज्यांचा धोका नाही, अशा रोगांसाठी पैसा कोणी द्यावा, याचे उत्तर देशाच्या व राज्याच्या अंदाजपत्रकातच शोधावे लागते.

१०. निष्कर्ष

१) भारतातील संसर्गजन्य रोगांच्या संशोधनाला मोठा निधी बहुधा भीतीच्या काळात मिळाला आहे. १८९६ नंतर ती व्यापार खंडित होण्याची होती, १९५२ च्या सुमारास पीतज्वराची आणि १९६० च्या दशकात शीतयुद्धाची.

२) परकीय निधीने पुण्याच्या केंद्राला प्रयोगशाळा, प्रशिक्षण व क्षेत्रीय संशोधनाची परंपरा दिली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र अभ्यासाचे प्रश्न ठरविण्याचा अधिकारही त्याबरोबर अंशतः बाहेर गेला.

३) १९७५ च्या लोकलेखा समितीने अग्रक्रमाचा प्रश्न योग्य विचारला. प्रकल्प बंद करणे हे त्याचे अर्धेच उत्तर होते. स्वतःच्या निधीवर स्वतःची संस्था उभारणे हे दुसरे अर्धे उत्तर पाँडिचेरीत दिसते.

४) विषाणूचा शोध आणि लोकांपर्यंत पोहोचणारा उपाय यांमधील दीर्घ टप्प्याला दाता सहसा मिळत नाही. माकडताप व चंडीपुरा ही त्याची आपल्या प्रदेशातील उदाहरणे होत. परकीय निधी येथे थांबला, आणि देशी निधीनेही ती जागा वेळेवर भरून काढली नाही. म्हणून दोष केवळ बाहेर शोधणे इतिहासाला धरून होणार नाही.

माकडतापाचा विषाणू ओळखला गेला त्याला सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात त्यावर शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि अनेकांनी पदव्या संपादन केल्या. दोडामार्गच्या काजूबागेत उतरणाऱ्या मजुराला मात्र अंगाला लावण्याचे कीटकरोधक तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घरी परतल्यावर गोचीड शोधण्याचा सल्ला यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागली आहे. संशोधन निधीच्या कोणत्याही धोरणाचे मूल्यमापन करताना प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येबरोबर या मजुराच्या स्थितीत काय फरक पडला, हा निकषही लावला जावा, असे या अभ्यासाच्या आधारे म्हणता येईल.